जंगलातली कटिंग

पावसाळा लागला की ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. ‘संडेला कुठे?’ मग कुणी माळशेज म्हणतं, कुणी भीमाशंकर, एखादा उत्साही थेट आंबोलीवर जातो. भजी, भाजलेलं कणीस, धबधबा, कटिंग... आणि सोमवारी सकाळी डेस्कवर बसून सगळ्यांना दाखवायला शंभर-दीडशे फोटो. ढगांचे, डोंगरांचे आणि अर्थातच आपले. टोपीसकट, टोपीशिवाय, उडी मारताना.

या शंभर-दीडशे फोटोंत एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. पायाखालची.

म्हणून या वेळचा वीकेंड खाली बघण्याचा. गर्द झाडीतून जाणारी एखादी वाट पकडा. वाटेच्या कडेला, पाल्यात अर्धी बुडालेली, पावसानं काळी पडलेली, कुजायला लागलेली फांदी शोधा. सापडली? आता खाली बसा. गुडघे चिखलात गेले तर जाऊ देत, ट्रेकची पँट आणखी कशासाठी असते? नशीब जोरावर असेल तर त्या काळ्या फांदीवर रांगेत मांडलेले छोटे छोटे कप दिसतील. गुलाबी, केशरी, पिवळे, कधी दुधी रंगाचे. जेमतेम नखाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे. काहींना नाजूक दांडा, काहींच्या काठावर पापण्यांसारखे केस. आत पावसाचं पाणी साचलेलं. कुणाची तरी भातुकली उघड्यावर राहून गेल्यासारखी!

ही कप बुरशी. आणि हो, बुरशीच. ब्रेडवर येते ती, लोणच्यावर येते तीच. आपण जिला बघून नाक मुरडतो त्याच जमातीतलं हे एक देखणं घराणं आहे.

उलटी झालेली छत्री

या घराण्याचं शास्त्रीय नाव सार्कोसायफेसी. उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ सोपा आहे. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘स्कायफॉस’ म्हणजे पिण्याचा प्याला. थोडक्यात, मांसल प्याला. जगभरात या घराण्यातल्या शंभराच्या आसपास जातींची नोंद आहे आणि त्यातल्या बहुतेक उष्ण, दमट प्रदेशात राहतात. म्हणजे आपल्यासारख्याच.

आपल्या ओळखीची अळंबी छत्रीसारखी असते. तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं ‘बी’ म्हणूया, छत्रीच्या खालच्या बाजूला तयार होतात आणि तिथून खाली पडतात. कप बुरशीचं सगळं उलटं. मरीन ड्राइव्हवर वाऱ्यानं आपली छत्री उलटी होते ना, अगदी तशी. तिचे बीजाणू कपाच्या आतल्या चकचकीत रंगीत अस्तरात असतात आणि ते खाली पडत नाहीत, वर उडतात. कसे, ते पुढे सांगते ही बुरशी स्वतःच!

आधी घरच्या मंडळींची ओळख. सह्याद्रीसारख्या ओल्या जंगलांत दिसते ती कुकीना. दांड्यावरचा खोलगट कप, गुलाबी-केशरी रंग, काठावर केस. दुसरी फिलिप्सिया. हिला दांडा जवळजवळ नसतोच. लाकडाला चिकटलेली बशी म्हणा ना, रंग गडद लाल किंवा जांभळट. मायक्रोस्टोमा लाल, पण बाहेरून पांढऱ्या लव्हाळ केसांची शाल पांघरलेली. पिथिया तर इतकी छोटी की सुईपर्णी झाडांच्या वाळक्या काड्यांवर कुणी केशरी टिकल्या लावल्यात असं वाटावं.

आणि या घराण्याची सुपरस्टार म्हणजे युरोपातली सार्कोसायफा कॉक्सिनिया. इंग्रजीत स्कार्लेट एल्फ कप. कुंकवासारखा लालभडक रंग, आणि उगवण्याची वेळ कोणती? हिवाळ्याचा शेवट! सगळं रान करडं, झाडं उघडी, जमिनीवर कुजका पाला आणि मध्येच हिरव्या शेवाळात हे लाल कप. हा रंग कॅरोटिनॉइड जातीच्या रंगद्रव्यांचा. त्यातलं एक बीटा कॅरोटिन, म्हणजे तेच जे आपल्या गाजरात असतं. गाजर हलव्याचा आणि या कपाचा असा जवळचा संबंध आहे.

‘खात नाय, तिला नाव कशाला?’

मागे एका पावसाळ्यात आंबोलीच्या बाजूला असेच गुलाबी कप दिसले. बरोबर वाट दाखवायला गावातले एक काका होते. साठीचे, पण चालताना आमच्या ग्रुपला सहज मागे टाकणारे.

‘काका, याला काय म्हणतात हो?’

काकांनी वाकूनही बघितलं नाही. ‘अळमीच ती.’

‘अळमी ती छत्रीवाली ना? याचं वेगळं नाव असेल ना काहीतरी?’

काका हसले. म्हणाले, ‘खात नाय, तिला नाव कशाला?’

किती खरं आहे! वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला कोकणात आणि गोव्यात नाव आहे, भाव आहे, तिची जागा ठाऊक असलेला माणूस ती जागा शेजाऱ्यालाही सांगत नाही. कारण ती ताटात येते. हे कप ताटात येत नाहीत. मग ते सगळे ‘कुत्र्याच्या छत्र्या’ या एकाच रकान्यात जातात. ज्याचा उपयोग नाही त्याला नाव नाही आणि ज्याला नाव नाही ते दिसत नाही.

काकांचं सोडा, ते निदान आपल्या रानाला ओळखून असतात. आपलं काय? आपल्याला कॉफीचे बारा प्रकार सांगता येतात, फोनची मॉडेल्स पाठ असतात. पायाखालच्या बुरशीचं एकही नाव सांगता येत नाही. आणि प्रश्न फक्त आपला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात बुरशींच्या बावीस ते अडतीस लाख जाती असाव्यात. त्यातल्या नाव मिळालेल्या किती? साधारण दीड लाख. बाकीच्या सगळ्या बिनाआधारकार्डाच्या!

तसं म्हटलं तर उपयोग अगदीच नाही असंही नाही. उत्तर अमेरिकेतले ओनायडा हे मूळनिवासी लोक एल्फ कप वाळवून त्याची पूड करत आणि नवजात बाळाची नाळ पडल्यावर बेंबी लवकर बरी होत नसेल तर तिथे लावत, अशी नोंद आहे. इंग्लंडमधल्या स्कारबरो गावात हे लाल कप शेवाळ आणि पानांबरोबर मांडून टेबलावरची सजावट म्हणून विकले जायचे. पण एकूण हिशेब मांडला तर काकांचंच खरं. हे कप बाजारात नेऊन विकावेत असं काही नाही.

एक कारकून, एक शिंपी

मग यांना नावं ठेवली कुणी? इथे गोष्ट आपल्या कामाची होते. कारण ही माणसं आपल्यासारखीच होती. दिवसभर नोकरी-धंदा करणारी.

कुकीना हे नाव १८९१ मध्ये ऑटो कुंट्झ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं, ते मॉर्डेकाय क्युबिट कुक या इंग्रज माणसाच्या सन्मानार्थ. हा कुक नॉर्फक भागातल्या एका खेड्यातल्या दुकानदाराच्या घरातला. आधी कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी, मग वकिलाच्या ऑफिसात कारकुनी, पुढे शाळेत मास्तरकी. जीव मात्र झाडापानांत अडकलेला. १८६२ मध्ये त्यानं लंडनमध्ये चक्क हौशी वनस्पतिप्रेमींची संस्था काढली. लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये त्यानं जवळजवळ वीस वर्षं काम केलं आणि तिथला वनस्पतींचा संग्रह क्यूच्या प्रसिद्ध बागेत हलवला गेला तेव्हा तोही तिकडे गेला. वकिलाकडे फायली लावणाऱ्या या माणसाचं नाव आज आपल्या रानातल्या गुलाबी कपाला आहे.

फिलिप्सियाचं नाव विल्यम फिलिप्स यांच्यावरून. हे श्रूजबरी गावचे शिंपी. भावांबरोबर कपडे शिवण्याचं दुकान चालवायचे आणि उरलेल्या वेळात बुरशी बघायचे. त्यांनी १८८७ मध्ये ब्रिटनमधल्या कप बुरशींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. विचार करा, दिवसभर लोकांच्या बाह्यांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी भिंगाखाली कपाच्या काठावरचे केस न्याहाळायचे.

आपल्याकडचं नाव हवंय? तेही आहे. याच घराण्यात थिंडिया नावाची एक प्रजाती आहे. १९७१ मध्ये तिला हे नाव मिळालं ते पंजाब विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ के. एस. थिंड यांच्यावरून. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात मसुरीच्या डोंगरांतल्या कप बुरशींवर शोधनिबंधांची मालिकाच लिहिली होती. आपण मसुरीला जातो ते मॉल रोडवर फिरायला. हे लोक तिथे खाली बघत फिरत होते.

आणि पुणेकरांनो, तुम्ही तर अशा संग्रहाच्या शेजारी राहता. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि वाळवलेल्या नमुन्यांचं आजरेकर हर्बेरियमही. संस्थेला ज्यांचं नाव आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था, पत्ता सांगताना गोंधळ व्हायचाच!

दादरचा फंडा

आता त्या उडण्याच्या गोष्टीकडे. हा या कपाचा खरा भन्नाट भाग.

कपाच्या आतल्या अस्तरात हजारो सूक्ष्म नळ्या उभ्या असतात, लोकलच्या डब्यात आपण उभे असतो तशा खेटून. प्रत्येक नळीत साधारण आठ बीजाणू. नळीच्या टोकाला झाकण. आत पाण्याचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी झाकण उघडतं. पिचकारीच! बीजाणू जोरात बाहेर.

पण पंचाईत अशी की बीजाणू इतका हलका असतो की हवा त्याला लगेच अडवते. आपल्याला हवा जाणवत नाही, त्याच्यासाठी ती घट्ट काकवीसारखी. एकटा सुटलेला बीजाणू काही मिलिमीटर जाऊन थांबतो. आणि कपाच्या अगदी जवळची हवा असते जवळजवळ स्थिर. वारा वाहतो तो तिच्या वर. तिथवर पोचायचं कसं?

उत्तर दादर स्टेशनवर आहे. गर्दीच्या वेळी दादरला एकट्यानं उतरून दाखवा बघू. नाही जमत. पण सगळे एकदम निघाले की आपल्याला काहीच करावं लागत नाही, आपण आपोआप प्लॅटफॉर्मवर असतो. कप बुरशी नेमकं हेच करते. हजारो नळ्या एकाच वेळी फुटतात. त्यातून हवेचा एक झोतच तयार होतो आणि त्या झोतावर बसून बीजाणू वर जातात. डोळ्यांना दिसतो तो धुरासारखा एक फुसकारा. आसपास शांतता असेल तर मोठ्या कपाचा हा ‘फुस्स’ ऐकूही येतो.

मार्कस रोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हाय-स्पीड कॅमेरा लावून हे मोजलं. त्यांनी अभ्यासलेली बुरशी आपल्या कपांची लांबची नातेवाईक, पिकांवर रोग आणणारी स्क्लेरोटिनिया. एकटा बीजाणू जिथे तीनेक मिलिमीटरवर थांबतो तिथे सगळे मिळून निघाल्यावर दहा सेंटिमीटरच्या पुढे जातात. पण या हिशेबात एक किंमत आहे. जे झोत तयार करतात त्यांतले बरेच बीजाणू स्वतः कुठेच पोचत नाहीत. ते वाया जातात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना वारा मिळतो. टीमवर्कचं प्रेझेंटेशन बनवणाऱ्यांनी ही स्लाइड जरूर घालावी. पहिल्या रांगेतल्यांचं काय होतं, तेही खाली लिहावं.

या विषयावर बारकाईनं लिहिणारे जुने गृहस्थ म्हणजे कॅनडातल्या विनिपेगचे प्राध्यापक ए. एच. आर. बुलर. कप बुरशी बीजाणू कसे सोडतात, यावर त्यांनी १९३४ च्या ग्रंथात तपशिलात लिहिलंय. माणूस मजेदार होता. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर त्यांनी एक पाच ओळींची विनोदी कविता केली, ती १९२३ मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली. बुरशीवाली माणसं बोअर असतात असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

कचरा? कुणाचा?

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, कप सुंदर, फुसकारा भारी. पण मग?

मग असं की कप म्हणजे ती बुरशी नव्हे. कप हे फक्त फळ. थोड्या दिवसांचं. खरी बुरशी त्या फांदीच्या आत असते, कापसाच्या तंतूंहून बारीक अशा धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात. ती महिनोन् महिने लाकूड पचवत असते. झाडानं अनेक वर्षं जे लाकडात साठवलं ते सुटं करून मातीला परत देणाऱ्यांत तीही एक. ही मंडळी संपावर गेली तर जंगलात पडलेल्या लाकडाचे ढीग लागतील आणि नव्या रोपाला काही मिळणार नाही. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर रानाची उष्टी-खरकटी काढणारी ही माणसं. घरात असं काम करणाऱ्यांकडे आपलं जितकं लक्ष असतं तितकंच इथेही.

म्हणून सगळा खेळ त्या कुजक्या फांदीचा आहे. आणि तिची किंमत आपल्या लेखी शून्य. कॅम्पिंगला गेलो की शेकोटीसाठी पहिली तीच उचलली जाते. रिसॉर्टवाले ‘परिसर स्वच्छ’ दिसावा म्हणून झाडाखालचा पाला आणि फांद्या गोळा करून पेटवून देतात. सोसायटीतल्या बागेतही तेच, दर रविवारी झाडून लख्ख. प्लास्टिक उचला, चिप्सची पाकिटं उचला, बाटल्या उचला, दहा हातांनी उचला. पण पडलेली फांदी हा रानाचा कचरा नाही. ते कुणाचं तरी घर आहे आणि कुणाचं तरी ऑफिससुद्धा.

कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास ही नावं २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, याचा आपल्याला अभिमान असतो. यादीत नाव डोंगराचं लागतं. पण तो डोंगर हिरवा राहतो तो अशा नाव नसलेल्या कामगारांमुळे.

आणि इथेच आपला नंबर लागतो. कुक कारकून होता, फिलिप्स शिंपी होता. त्यांच्याकडे भिंग होतं आणि रविवार होता. आपल्या खिशात आज त्यांनी स्वप्नातही पाहिला नसेल असा कॅमेरा आहे आणि रविवार तर आहेच. एक बरा फोटो, जागा आणि तारीख, एवढ्यानंही नोंद होते. आयनॅचरलिस्टसारख्या साइटवर टाकला की तो पाहून ओळख पटवायला मदत करणारी माणसं जगभर बसलेली असतात. लाल कपांच्या काही जाती नुसत्या डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसतात, सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच वेगळ्या निघतात. त्यामुळे दर वेळी नाव मिळेलच असं नाही. पण ‘इथे, या दिवशी, हे होतं’ हे कुणीतरी लिहून ठेवलं, हे काही कमी नाही.

जाता जाता...

– कप दिसला की आधी थांबा, मग फोटो. एक वरून, एक बाजूनं (दांडा आणि केस दिसायला हवेत), एक फांदीसकट. झाड ओळखता आलं तर तेही टिपून ठेवा.

– दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. एका पिझ्झापेक्षा स्वस्त मिळतं आणि जास्त दिवस टिकतं.

– कपावर हळूच, उबदार श्वास सोडून बघा. तो पिकलेला असेल तर फुसकारा दिसेल. एकदाच हं, सगळ्या ग्रुपनं रांग लावू नका.

– तोडू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलून नेणं हा गुन्हा आहे. आणि तसंही, घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

– खायचा विचारही नको. रानातली अनोळखी अळंबी खाऊन माणसं दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

– शेकोटीसाठी पडलेली फांदी उचलण्याआधी ती उलटी करून बघा. खालच्या बाजूला कप असतील तर जशी होती तशी परत ठेवा. थंडी वाजली तर चहा घ्या!

आणि नावाचं म्हणाल तर तेही आपणच ठेवूया की. इंग्रजांच्या पऱ्या जंगलात कपातून काय पितात कोण जाणे. आपल्या सह्याद्रीत भर पावसात, ओल्या फांदीवर, जेमतेम दोन घोट मावतील असा भरलेला छोटासा कप दिसला तर मला एकच शब्द सुचतो. कटिंग.

या संडेला बघा, तुम्हाला कुठला सुचतो ते.